चारशे बारा नंबरचा दगड

चेक देशातल्या आमच्या याखिमोवच्या ढिगाऱ्यांवर पाहुणा कोण आणि गावचा कोण, हे ओळखायची एक साधी खूण आहे. बाकी जगातले दगडांचे शौकीन हातात दगड आला की आधी त्याला जीभ लावतात. ओला झाला की रंग खुलतो म्हणून. आमच्याकडे खाणीच्या ढिगाऱ्यावर असं करताना कुणी दिसला, की समजायचं, बाहेरून आलाय. गावचा माणूस दगडावर बाटलीतलं पाणी ओतेल, फार तर बिअर शिंपडेल, पण युरेनियमच्या दगडाला जीभ लावणार नाही. ओताकार ब्रेयखाने तर पस्तीस वर्षांत ढिगाऱ्यावर पावाचा तुकडासुद्धा तोंडात टाकला नव्हता.

ओताकार शिक्षणाने आणि पोटापाण्याने प्लंबर. आमच्या खाणीतून येणाऱ्या कोमट, किरणोत्सारी पाण्यात बसायला देशोदेशीची सांधेदुखीवाली माणसं येतात. ते पाणी स्नानगृहांपर्यंत नेणाऱ्या नळांवर त्याने अडतीस वर्षं काढली. कुठला सांधा गळतोय, कुठली झडप अडकलीय, हे त्याला भिंतीला कान लावून कळायचं. या कामाचं कुणी कौतुक करत नाही. पाणी आलं तर ते डॉक्टरांमुळे आणि नाही आलं तर ब्रेयखामुळे, असा सगळा हिशेब. त्याचीही त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण त्याचा जीव दुसरीकडेच अडकला होता.

रविवारी सकाळी तो किरणोत्सर्ग मोजायचं गायगर यंत्र खांद्याला लावून ढिगाऱ्यावर जायचा. यंत्र टिकटिक करायचं, टिकटिकीची तडतड झाली की ओताकार गुडघे टेकायचा. घरी आलं की प्रत्येक दगडाचा एकच क्रम. आधी नळाखाली धरून दात घासायच्या ब्रशने घासायचा. मग वाळवायचा. मग फोटो, मग नंबर, मग वहीत नोंद आणि शेवटी चिठ्ठी. चिठ्ठीवर दगडाचं नाव, कुठे सापडला, कधी, कुणाला. ही चिठ्ठी म्हणजे दगडाचं सगळं काही. चिठ्ठी नसलेला दगड, मग तो कितीही देखणा असो, बागेच्या कडेला लावायच्या लायकीचा. आणि या लोकांचा एक कडक नियम आहे: जुनी चिठ्ठी कधी फेकायची नाही. नाव चुकीचं निघालं तर नवी चिठ्ठी लिहायची आणि जुनी तिच्याखाली, त्याच डबीत ठेवायची. ओताकारकडे एका दगडाखाली पाच चिठ्ठ्या होत्या; पाच वेळा चूक झाली होती, त्यातल्या दोन चुका त्याच्या स्वतःच्या होत्या.

ओळख पटवण्यात मात्र त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. दोन हिरवे, अभ्रकासारखे पापुद्रे समोर ठेवा. तो अतिनील दिवा धरायचा. एक पेटल्यासारखा हिरवा उजळायचा, दुसरा मेल्यासारखा पडून राहायचा. "याच्यात तांबं आहे, म्हणून हा गप्प," तो सांगायचा. फोटो काढायचं यंत्र त्याने घरीच बनवलं होतं. मोडीत काढलेल्या पितळी झडपेचं चाक त्याने कॅमेऱ्याच्या पाटाला जोडलं होतं. चाक एक दात फिरवलं की कॅमेरा केसाच्या जाडीइतका पुढे सरके. असे साठ-सत्तर फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे, की टाचणीच्या टोकाएवढा स्फटिक किल्ल्यासारखा उभा राहायचा. प्रागचे शिकलेले लोक ते फोटो इंटरनेटवर बघून विचारायचे, कुठलं यंत्र वापरता? ओताकार लिहायचा, तिसऱ्या नंबरच्या स्नानगृहाची झडप.

त्याच्या बायकोला, ब्लाझेना ब्रेयखोवाला, यातलं काहीही पटत नव्हतं. लग्नानंतर बरीच वर्षं दगड पलंगाखाली होते. मग नव्वद साली घराघरांतल्या हवेतला किरणोत्सारी वायू मोजायला एक माणूस आला, त्याने झोपायच्या खोलीत डबी ठेवली आणि पंधरा दिवसांनी आकडा सांगितला. आकडा ऐकून ब्लाझेनाने हातातलं पोतेरं खाली टाकलं.

"ओता, या पलंगावर मी अठरा वर्षं झोपते आहे!"

"अगं, लोक पैसे भरून येतात त्यासाठी. तुला घरबसल्या मिळतंय."

"दगड तळघरात. आजच. नाहीतर तू त्यांच्यासोबत तळघरात."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे दगड तळघरात गेले. तळघरात आधीपासून ब्लाझेनाचं राज्य होतं. डाव्या भिंतीला बटाटे आणि व्हिनेगरमधल्या काकड्यांच्या शंभरएक बरण्या. तिने उजवी भिंत उदार मनाने सोडून दिली. ओताकारने प्लंबरच्या कसबाने तिथे हवेची सोय केली: डावीकडे जमिनीलगत झरोका, उजवीकडे दगडांच्या फळ्यांवर नळ आणि छोटा पंखा. हवा डावीकडून यायची, दगडांवरून जायची आणि बाहेर पडायची. मोजणीवाला पुन्हा आला तेव्हा त्याने ओताकारच्या पाठीवर थाप मारली.

तर पुढच्याच वर्षी, एक्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, चारशे बारा नंबरचा दगड सापडला. मूठभर, काळा, गुळगुळीत, मूत्रपिंडासारख्या गोळ्यांचा पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचा खनिज दगड, कडेला पांढरा चुनखडीचा पट्टा आणि पट्ट्यात बोट जाईल एवढी पोकळी. देखणा, पण असे अजून वीस होते. तो फळीवर गेला आणि अठरा वर्षं तिथेच राहिला.

निवृत्त झाल्यावर ओताकारने सगळ्या दगडांचे नव्या पद्धतीने फोटो काढायला घेतले. चारशे बाराची पाळी आली तेव्हा त्याने सवयीने दिवा धरला आणि पोकळीतून हिरवट उजेड आला. तो दचकला. पोकळीत काही नाही, असं त्याच्या डोक्यात होतं. भिंगाखाली पाहिलं तर पिवळ्या सुयांचा एक झुबका, केसांहून बारीक, टोकं अगदी रेखीव. त्याने आठवेल ते सगळं ताडून पाहिलं, पुस्तकं काढली, दोन आठवडे जेवणातही त्याचं लक्ष नव्हतं. त्या सुया त्याला ओळखता येईनात. मग त्याने एकशे चाळीस फोटो जोडून एक फोटो बनवला आणि प्रागच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टर राडाना हेयलोवांना पाठवला. त्यांनी चार सुया मागवल्या. जुन्या फिल्मच्या डबीत कापसात घालून त्या गेल्या.

दीड वर्षाने फोन आला.

"ब्रेयखासाहेब, बसलाय ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे जगाच्या यादीत नाही. नवं खनिज आहे. निदान तसं दिसतंय."

ओताकार उभाच होता, तो खाली बसला.

"याच्यात एक गंमत आहे. युरेनियम आहे, चुना आहे, आणि व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल आहे. निसर्गात असं क्वचित होतं, पण होतं. पानं कुजली की ते आम्ल तयार होतं. तुमच्या ढिगाऱ्यावर झाडं आहेत?"

"बर्च आहेत. भरपूर. पोकळीत पानं अडकतात."

"मग जमतंय. फक्त एक गोष्ट नव्या खनिजांना मान्यता देणाऱ्या समितीला लेखी लागेल. दगड उचलला तेव्हा हे त्यावर होतं का? माणसाच्या हातून किंवा घरात तयार झालेली गोष्ट खनिज धरत नाहीत. तेव्हाचा फोटो आहे?"

फोटो होता. पण त्या उन्हाळ्यात ओताकारने एक अस्सल याखिमोवी गाढवपणा केला होता: कॅमेऱ्याची फिल्म आणि दगड एकाच पिशवीत ठेवले होते. दगडांच्या किरणांनी सगळा रोल धुरकटला. चारशे बाराच्या स्लाइडवर धुक्यात उभी म्हैस असावी तसा काळा गोळा दिसत होता, पोकळी दिसतच नव्हती.

"फोटो खराब झालाय," तो म्हणाला.

"मग तुमचा शब्द चालेल. तुमच्या नोंदी सगळ्यांना माहीत आहेत. होता ना तो झुबका तेव्हा?"

"होता," ओताकार म्हणाला. "होता की."

"छान. मी पुढच्या महिन्यात कागद घेऊन स्वतः येते. आणि हो, त्याला ब्रश लावू नका, पाणी तर मुळीच नको. थेंबभर पाण्यात विरघळतो. नाव काय द्यायचं ते आमच्यात ठरलंय. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, पण आम्ही तुमचं देऊ शकतो. ब्रेयखाइट."

त्या संध्याकाळी ओताकार किती खूश होता ते सांगून कळणार नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण लेकरासारखा स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून आत करत होता. त्याच्या बापाचं नाव कुठे नव्हतं, आज्याचं नव्हतं; चर्चच्या वहीत जन्म-मृत्यू एवढंच. आणि आता जगातल्या प्रत्येक भाषेतल्या पुस्तकात, जपानात, ब्राझीलमध्ये, एक ओळ ब्रेयखांची. त्याने सगळ्यात चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: ब्रेयखाइट, याखिमोव, ऑगस्ट १९९१, ओ. ब्रेयखा. असं आधीच लिहायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने लिहिली आणि डबीत ठेवली.

ब्लाझेना दुसऱ्या दिवशी केस कापायला गेली, तिथे तिने सांगितलं, म्हणजे गावभर झालं. तिचा भाऊ लुडेक, जन्मभर खाणीत राबलेला माणूस, दारूच्या गुत्त्यात टेबल आपटून म्हणाला, "दाजी, हे बरंय! आमच्या बापाने तीस वर्षं खाली फुप्फुसं जाळली, त्याच्या नावाची पाटी नाही. आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या आंघोळीचे नळ आवळून दगड होणार!"

"मग तूही आवळायचे होतेस."

"बाकी नाव झकास आहे हं. ब्रेयखाइट. खोकल्याच्या गोळीसारखं वाटतं." सगळे हसले. पण बिअर लुडेकने पाजली, आणि तो सहसा पाजत नाही.

पुढच्या रविवारी जेवायला भाजलेलं डुकराचं मांस, कोबी आणि बटाट्याचे गोळे होते. ब्लाझेनाने तळघरातून काकड्यांची बरणी आणली. तिची पद्धत तिच्या आईची: बरणीला झाकण नाही, वर पातळ पारदर्शक कागद ओला करून ताणायचा आणि रबराने बांधायचा. तिने रबर काढलं, कागद सोलला, आणि आंबट वास ओताकारच्या नाकात गेला.

त्याचा काटा हवेतच थांबला.

हा वास त्याने बाहेर, पंख्याच्या नळाच्या तोंडाशी, वीस वर्षं घेतला होता. बागेत बसलं की यायचा. घराचा वास म्हणून तो कधी लक्षातच आला नव्हता.

"काय झालं? खारट झालं का?" ब्लाझेनाने विचारलं.

"नाही, चांगलं आहे," तो म्हणाला आणि उरलेलं जेवण त्याने चव न घेता संपवलं.

जेवण झाल्यावर तो तळघरात उतरला. डावीकडे बरण्या, उजवीकडे दगड, आणि मधून त्याने स्वतः, मोठ्या हौसेने, वाहायला लावलेली हवा. कागद कितीही ताणला तरी वाफ थोडीथोडी सुटतेच. चारशे बारा जिथे असायचा त्याच्या शेजारचा दगड त्याने उचलला, चारशे नऊ. बरण्यांकडच्या बाजूने दिवा धरला. चुनखडीच्या भेगेत हिरवा ठिपका. चारशे पंधरावर दोन. वरच्या फळीवरच्या, हवेच्या वाटेत नसलेल्या दगडांवर काही नाही.

वही काढायची गरज नव्हती, तरी त्याने काढली. ४१२. आकार, वजन, यंत्राचा आकडा. शेवटच्या रकान्यात, त्याच्याच अक्षरात: नळाखाली धुतला, ब्रश. प्रत्येक ओळीत तेच होतं. त्याने आयुष्यात एकही दगड न धुता ठेवला नव्हता. थेंबभर पाण्यात विरघळणाऱ्या सुया त्या दिवशी दगडावर असत्या, तर स्वयंपाकघरातल्या मोरीतून कधीच वाहून गेल्या असत्या.

तो बटाट्याच्या खोक्यावर बसून राहिला. त्याला फार वाईट वाटलं. आणि लगेच, आपसूक, दुसरा विचार आला: स्लाइड धुरकट आहे. वही आपल्याशिवाय कुणी पाहत नाही. डॉक्टरबाईंनी बर्चची पानं आधीच मान्य केली आहेत. आपण तर होता म्हणून सांगूनही बसलोय. आता काही करायचंसुद्धा नाही, फक्त गप्प बसायचं.

तो नऊ दिवस गप्प बसला. ब्लाझेनाला वाटलं, आनंद जास्त झाला. डॉक्टरबाई येणार म्हणून तिने पडदे धुतले, बाबोव्का केक भाजला, आणि शेजारणीकडून बशा मागून आणल्या. ओताकार रोज एकदा तळघरात जायचा, डबी उघडायचा, चिठ्ठीवरचं आपलं नाव वाचायचा आणि डबी मिटायचा.

डॉक्टर हेयलोवा मंगळवारी आल्या. तिशी ओलांडलेली बाई, गमबूट घालूनच आल्या होत्या, मोटारीत हातोडा होता. ओताकारला त्या पाहताक्षणी आवडल्या आणि त्यामुळे काम आणखीच अवघड झालं. ब्लाझेनाने केक कापला, पावाच्या सजवलेल्या चकत्या मांडल्या, प्रत्येकीवर काकडीचा एक पंखा. डॉक्टरबाईंनी कागद बाहेर काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"इथे सही. आणि मग तुम्ही अमर."

"डॉक्टरबाई, आधी तळघरात चला," ओताकार म्हणाला. "ब्लाझेना, तूही ये."

त्याने काही समजावलं नाही. एका बरणीला डॉक्टरबाईंचा हात लावला, कागदाखालची हवा हुंगायला लावली. मग पंखा सुरू करून झरोक्यापाशी काडी पेटवली. धूर सरळ बरण्यांवरून दगडांकडे गेला. मग दिवा त्यांच्या हातात दिला आणि चारशे नऊ, चारशे पंधरा पुढे केले. शेवटी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

डॉक्टरबाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"दीड वर्ष," त्या हळूच म्हणाल्या. "माझंही दीड वर्ष आहे यात." मग म्हणाल्या, "फोनवर तुम्ही होता म्हणालात."

"म्हणालो. हवं होतं म्हणून म्हणालो. तेव्हा विचारच केला नाही. नंतर कळलं तरी नऊ दिवस बोललो नाही, तेही सांगून टाकतो."

"तुम्ही सही केली असतीत तर मी ती घेऊन गेले असते. कुणी तपासलं नसतं."

"माझ्याकडे सहाशे चाळीस दगड आहेत. सहाशे चाळीस चिठ्ठ्या. एक खोटी लिहिली तर बाकीच्यांचं काय करू?" ओताकार म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण लावलं. रागावल्या होत्या, ते लपलं नाही. पण वर आल्यावर त्यांनी दोन चकत्या खाल्ल्या, आणि निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्या बाकीच्या दगडांवर मी एक लेख लिहिणार होते. तो लिहीन. आता तर नक्कीच." मग ब्लाझेनाकडे वळून म्हणाल्या, "एक बरणी मिळेल? प्रयोगशाळेत दाखवायला. आणि खायला."

मोटार गेली. ब्लाझेनाने बशा आवरल्या, शेजारणीच्या वेगळ्या काढल्या, आणि तिचा बांध फुटला.

"माझ्या काकड्यांनी खाल्लं तुझं नाव."

"काकड्यांनी एकट्यांनी नाही. हवा मी फिरवली होती."

"मी तुला दगड तिथे न्यायला लावले."

"बरं केलंस. नाहीतर आपण कधीच मेलो असतो."

ती रडता रडता हसली, आणि मग पुन्हा रडली.

गुत्त्यात लुडेकला त्याने स्वतःच सांगितलं. लुडेकने ग्लास खाली ठेवला. थट्टा करायला एवढी मोठी जागा त्याला पुन्हा मिळाली नसती, पण त्याने ती सोडून दिली. एवढंच म्हणाला, "दाजी, पुढची बिअर पण माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओताकार टेबलापाशी नवी चिठ्ठी लिहायला बसला. पिचब्लेंड, याखिमोव, ऑगस्ट १९९१. खाली लिहिलं: पोकळीतल्या पिवळ्या सुया घरच्या, खनिज नव्हे. काकड्या ब्ला. ब्रेयखोवा, हवा ओ. ब्रेयखा. अक्षर नेहमीसारखं होतं, चांगलं नाही, वाईट नाही. मग त्याने डबीतून जुनी चिठ्ठी काढली, शेगडीचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

ब्लाझेना बटाटे सोलत होती. तिने सुरी ठेवली, येऊन त्याचं मनगट धरलं.

"पस्तीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, चिठ्ठी फेकायची नसते, फेकायची नसते म्हणून."

"ही खोटी आहे, ब्लाझेना."

"मग त्या दगडाखालच्या पाचही खोट्याच आहेत. त्या का ठेवल्यास?"

तिने चिठ्ठी त्याच्या बोटांतून काढून घेतली, एप्रनला हात पुसले आणि चिठ्ठीवरचं नाव एकदा मोठ्याने वाचलं. ती घडी न पडू देता डबीत घातली, तिच्यावर नवी ठेवली, त्यावर दगड, आणि डबी घेऊन स्वतः तळघराच्या पायऱ्या उतरली. एवढ्या वर्षांत त्याच्या फळीला तिने पहिल्यांदाच हात लावला होता. वर आल्यावर तिने नळ सोडला, हात साबणाने दोनदा धुतले आणि पुन्हा बटाटे सोलायला बसली.